कोरं घर म्हणजे शून्य नव्हे

मी माझ्या आतेला तिच्याच अंगणात, शेजारच्या चार बाया ऐकत असताना, खोटारडी म्हटलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुंबईच्या एका कचेरीत गणकयंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत होते आणि आपल्याला फार कळतं असा माझा समज होता. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. पुष्कळांचा आहे, पण पहिला माझा मलाच.

आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, खाडीपलीकडे. जिल्हा तेव्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे किल्लाच यायचा. बाबा गलबतावर खलाशांचे तांडेल होते. मुलीला मॅट्रिकच्या पुढे शिकवावं असं त्यांच्या मनात नव्हतं. ते घडलं आतेच्या यजमानांमुळे. ते गावच्या शाळेत मास्तर होते, आणि माझं गणित बघून त्यांनीच बाबांच्या मागे टुमणं लावलं होतं. सरकारने दिलेला पर्जन्यमापक त्यांच्या अंगणात विटांच्या चौथऱ्यावर बसवलेला होता. गावात त्याला 'पावसाचो डबो' म्हणत. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं, वहीत लिहायचं आणि महिना संपला की छापील तक्ता भरून टपालाने पाठवायचा, एवढंच काम.

मी शाळेतच असताना ते वारले. तालुक्याच्या कचेरीने दुसरा माणूस नेमला नाही, कुणी चौकशीलाही आलं नाही. आते चौथी शिकलेली. दिवसकार्य आटोपलं, पाऊस लागला, आणि एका सकाळी ती आपली आपणच नळी घेऊन चौथऱ्याकडे गेली. तक्त्यावर नाव नवऱ्याचंच जात राहिलं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. डबा आतेचा आहे असंच लोक धरून चालत.

मी मुंबईला गेले, मावशीकडे राहून गणित घेऊन बी.एस्‌सी. झाले आणि त्या कचेरीत लागले. नोकरी होती कार्डांना भोकं पाडण्याची. पोस्टकार्डापेक्षा लांबट, जाड कागदाचं कार्ड. त्यावर ऐंशी उभी घरं. कुठल्या घरात कुठे भोक पाडलं त्यावरून यंत्र आकडा ओळखायचं. वर्षभर मी भोकं पाडली. मग एकदा साहेबांच्या हिशेबपद्धतीतली एक चूक मी दाखवली, म्हणून त्यांनी मला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी बसवलं. बक्षीस म्हणून बसवलं की तोंड बंद करायला, ते मला कधी कळलं नाही.

यंत्र आमचं नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेचं होतं आणि आम्हाला आठवड्यातून दोनदा त्यावर वेळ मिळे. आपण चौकटीच्या कागदावर आज्ञा लिहायच्या, त्यांची कार्डं पाडून घ्यायची, कार्डांचा गठ्ठा रबर लावून पाठवायचा. तीन-चार दिवसांनी लांबच लांब कागदावर उत्तर छापून येई. उत्तर कसलं, बहुतेक वेळा चुकांची यादी. अमुक ओळीत कंस बंद केलेला नाही. तमुक ओळीत स्वल्पविराम राहिला. एका स्वल्पविरामाला चार दिवस! साहेब तो कागद माझ्या टेबलावर टाकत नसत, भिरकावत. "बाई, यंत्राच्या एका मिनिटाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे का?" असं सगळ्यांदेखत म्हणत. मी मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून दात आवळून रडे.

पहिले काही महिने मला माझी प्रत्येक चूक कार्डं पाडणाऱ्या मुलीची वाटे. आधी मी स्वतः त्या खुर्चीत बसत होते, तरी मी तिच्या अंगावर ओरडे. एकदा ती शांतपणे उठली, माझा चौकटीचा कागद आणि तिने पाडलेलं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "तू लिहिलंस तेच पाडलंय. वाच." तिचं खरं होतं. माफी मागायचं मात्र मला सुचलं नाही. तिच्यावरचा राग मी नव्या कामावर काढला.

आणि खरं सांगते, त्या रागानेच मी शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं. साहेब म्हणत, पुस्तिका आहे, वाचा. मी पाटीएवढा कागद घेऊन त्यावर चौकोन आखत असे. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक नावाला एक चौकोन. मग पहिल्या आज्ञेपासून एकेक ओळ पेन्सिलीने पाळत जायचं. ही ओळ म्हणते यात पाच घाल, घातले. ही म्हणते त्यात एक मिळव, मिळवला, जुना आकडा खोडला. यंत्र किती मठ्ठ आहे ते तेव्हा कळतं. आपण मनात काय धरलं होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लिहिलं असेल तेवढंच ते करतं. कुठल्या ओळीशी आपलं मन आणि कागद वेगळे झाले ते सापडलं, की चूक सापडली. सहा महिन्यांत मी कचेरीतल्या पुरुषांच्याही चुका काढून देऊ लागले. ते आभार मानत नसत. पण कागद आणून देत.

दुसरी गोष्ट तपासणीची. प्रोग्रॅम न अडखळता चालला म्हणजे तो बरोबर असतोच असं नाही. त्यासाठी आपण हाताने सोडवता येतील अशी थोडी माहिती बनवून यंत्राला द्यायची आणि त्याचं उत्तर आपल्या उत्तराशी जुळतं का बघायचं. हेही मी शिकले. शिकले असं मला वाटलं.

मग कोकणच्या पावसाचं काम आलं. कुठेकुठे बंधारे घालायचे ते ठरवण्यासाठी वरच्या खात्याला प्रत्येक केंद्राची पावसाची सरासरी हवी होती. तालुक्यातालुक्यांतून आलेले जुने तक्ते पेट्यांतून कचेरीत येऊन पडले. त्यांत आमच्या गावाचेही होते. वर आतेच्या यजमानांचं नाव आणि खाली आतेचे गोल, मोठे आकडे. मी ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कौतुकाने दाखवले.

प्रोग्रॅम माझा. एका कार्डावर दहा-अकरा दिवसांचा पाऊस, महिन्याची तीन कार्डं. दहा कार्डं मी मनाने बनवून चाचणीला दिली. नीटनेटकी, सगळी घरं भरलेली. यंत्राचं उत्तर माझ्या हाताच्या उत्तराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. त्या दिवशी साहेबांनी कागद भिरकावला नाही. टेबलावर ठेवला. मला केवढा आनंद झाला होता!

मग खरी माहिती घातली. निकालाच्या लांब कागदावर एक केंद्र सगळ्यांत वेगळं पडलं होतं. आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा तिथला पाऊस कितीतरी कमी. ते आमचं गाव होतं.

साहेब हसले. "काय हो, तुमच्या गावावर वरुणराजा रुसलाय का? की तो मास्तर झोपा काढतो आणि मनाला येतील ते आकडे भरतो?"

मास्तर सात वर्षांपूर्वी गेला आणि आकडे त्याची बायको भरते, हे मी बोलले नाही. माझी मान खाली गेली. खेड्यातल्या बायकांनी विज्ञानाची कामं केली की असंच व्हायचं, असं माझ्या मनात आलं. हो, माझ्याच. प्रोग्रॅम पुन्हा बघावा असं एकदाही मनात आलं नाही, कारण त्याची चाचणी झाली होती आणि ती मी केली होती. साहेबांनी वर लिहिलं: या केंद्राच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.

मे महिन्यात मी रजेवर घरी आले. मालवणच्या बंदरात बोटीतून उतरले, तरीने खाडी ओलांडली. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. गावात शिरायचा तोच रस्ता. तरीतच बातमी कळली. पंधरा दिवसांपूर्वी तालुक्याहून एक ओव्हरसियर आला होता. मास्तर कुठे म्हणून विचारलं. मास्तर वारले म्हटल्यावर, मग हे आकडे कुणाचे, सही कुणाची, असं त्याने आतेला अंगणात उभं करून विचारलं. नोंदी खोट्या आहेत असं मुंबईच्या मशीनने काढलंय, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग डबा उपटून, गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला.

घरी बाबा धुमसत होते. "माझ्या भयणीन माझा नाव घालवल्यान. मेलेल्या घोवाच्या नावान खोटे आकडे! लोक माका इचारतत."

मी म्हणाले, "मी बघते."

तशीच चपला घालून आतेकडे गेले. ती कोकमाची सोलं वाळत घालत होती. शेजारच्या बाया रातांबे फोडायला बसल्या होत्या. मला बघून तिचा चेहरा उजळला. "इलंस गो बाय? बस, पानी हाडतंय."

मी बसले नाही. "आते, तू काय करून ठेवलंस? मला कचेरीत मान वर करता येईना. सगळ्या कोकणात एकट्या तुझ्या नोंदी खोट्या निघाल्या."

ती हातातली सोलं तशीच धरून उभी राहिली. "खोट्यो? खंयच्यो?"

"सगळ्या! यंत्राने काढलंय. यंत्र चुकत नाही, आते. तुला जमत नव्हतं तर सोडायचं होतंस. रोज मोजायचा कंटाळा आला की मनचे आकडे घालायचे, ही लबाडी झाली. खोटारडेपणा झाला."

बायांचे हात थांबले. आते ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि वही घेऊन बाहेर आली. टपालाच्या तक्त्याआधी रोज जीत लिहायची, ती वही. तिने ती माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाली.

मी उघडली ती चूक दाखवायलाच. जुलैचं पान निघालं. आकडे, आकडे, आणि मग मधली सात घरं कोरी. माझा आवाज चढला. "हे बघ! ऐन जुलैत सात दिवस काहीच नाही. कुठे होतीस?"

"पलीकडच्या वाडीत बाळंतीण अडली होती. माका बोलवन न्हेल्यानी. खाडयेक पानी चढला, तर बंद. सा दिसांनी परत इलंय."

"सहा दिवस म्हणतेस. घरं सात कोरी आहेत."

"परत इलंय त्या दिसा डब्यात पानी होता. पण ता सगळ्या दिसांचा साठलेला. खंयच्या दिसाचा किती, ता कोन सांगतला? म्हणान ओतून टाकलंय. लिवक नाय."

"अगं, मग निदान शून्य तरी घालायचं!"

आतेने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिलीतली पोर आहे आणि मला अजून पाटी धरता येत नाही. "शून्य? शून्य म्हणजे पावस पडूक नाय. मी बघूक नाय म्हणजे पावस पडूक नाय, असा कसा जायत गो?"

मी त्या सात कोऱ्या घरांकडे पुन्हा बघितलं.

कारण पुस्तिकेत एक ओळ होती. मी ती पहिल्याच आठवड्यात वाचली होती. कार्डावरचं कोरं घर यंत्र शून्य म्हणून वाचतं. तेव्हा ती मला सोयीची वाटली होती. शून्यांची भोकं पाडायला नकोत, तेवढा वेळ वाचला. आतेने जिथे 'मला माहीत नाही' म्हटलं होतं, तिथे माझ्या प्रोग्रॅमने 'पाऊस पडला नाही' असं वाचलं होतं. सगळ्यांत मुसळधार सात दिवस कोरडे धरले होते आणि बेरजेला पूर्ण एकतीसने भागलं होतं. आणि माझ्या चाचणीच्या दहा कार्डांत एकही घर कोरं नव्हतं. मला जेवढं सुचलं तेवढंच मी तपासलं होतं.

मी खाली बसले. "आते, तुझं चुकलं नाही. माझं चुकलं. यंत्राचं... मी यंत्राला चुकीचं सांगितलं."

ती वाकली, वही उचलली, पदराने पुसली. "मशीनीत चुकला ता तुझा तू बघ. पण माका खोटारडी म्हटलंस, ता मशीनीन नाय म्हटलान. तुझ्या तोंडान म्हटलंस. चार जणांत म्हटलंस."

"मी चार जणांत सांगते. आत्ताच सांगते."

"आत्ता नको. आदी खात्री कर, मगे सांग. माज्या बाबतीत केल्यानी तसा करू नको, माका कोनी इचारूकच नाय."

तिने मला वही दिली नाही, पण तिथेच बसून बघू दिली. रजेचे उरलेले दिवस मी तिच्या ओट्यावर काढले. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी सात पावसाळ्यांचे आकडे उतरून काढले आणि कोरे दिवस वगळून, जेवढे मोजले तेवढ्याच दिवसांनी भागून, हाताने सरासरी काढली. आमच्या गावचा पाऊस शेजारच्या केंद्रांच्या बरोबरीला आला.

कोऱ्या घरांचं कारण दर ठिकाणी होतं. ताप. खाडीपलीकडचं बाळंतपण. एकदा नळी फुटली आणि दुसरी यायला अकरा दिवस लागले, तर अकरा दिवस कोरे. ती हे सगळं सांगू शकत होती, कारण तिने काही लपवलेलं नव्हतं. तक्त्यावर कारण लिहायला रकाना नव्हता.

जूनमध्ये मी कचेरीत परत गेले. ज्या मुलीवर मी ओरडत होते तिच्याकडेच आधी गेले आणि म्हटलं, "मला घाणेरडी कार्डं पाडून दे." तिला आधी कळेना. मी सांगितलं, एकात मधलं घर कोरं, एक पूर्ण कोरं, एकात आकडा एक घर सरकलेला, एकात बत्तीस तारीख. ती हसायला लागली आणि मन लावून तिने पाडली. आतेच्या सात कोऱ्या घरांचा जुलै मी त्यात घातला. निकाल आला. माझा प्रोग्रॅम सगळं गपगुमान गिळून गेला होता. बत्तीस तारखेबद्दलसुद्धा त्याने तक्रार केली नव्हती. जो प्रोग्रॅम मला दगडासारखा भक्कम वाटला होता तो चाळणी होता.

तीन आठवडे मी तो नव्याने लिहिला. कोऱ्या घरात यापुढे खास खूण पाडायची, ती खूण दिसली की तो दिवस बेरजेतही धरायचा नाही आणि भागाकारातही नाही, आणि असे दिवस किती ते शेवटी वेगळं छापायचं. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा घाणेरड्या कार्डांपैकी एकेकाला त्याने बाहेर काढलं.

जुन्या तक्त्यांतून खुणा घालताना आम्हा दोघींना आणखी एक गोष्ट दिसली. पन्नासांवर केंद्रं, आणि कोरी घरं जवळजवळ कुठेच नाहीत. कुणी आजारी पडलं नाही, कुणाकडे लग्न नाही, मयत नाही. एका केंद्रावर दर रविवारी शनिवारचाच आकडा. दुसऱ्या एका ठिकाणी दोन वर्षांचा ऑगस्ट एकासारखा एक. ते सगळे सह्या करणारे, नेमलेले, बाप्ये होते. त्यांचे रकाने भरलेले होते, म्हणून ते विश्वासार्ह. जिने माहीत नाही तिथे माहीत नाही म्हटलं, तिचा डबा गोणपाटात गेला.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी वाचला. त्यांना समजलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या कामाला नवा प्रोग्रॅम वापरू."

"आणि मागचा अहवाल?"

"तो गेला. आता तो परत मागवायचा म्हणजे कचेरीची अब्रू जाईल. एका केंद्राचा प्रश्न आहे."

"त्या केंद्राला आपण खोटं म्हटलंय, साहेब. चूक आपली होती."

"आपली नाही. तुमची," ते म्हणाले. "आणि ती बाई तुमची आते लागते म्हणे. लोक काय म्हणतील? तिला वाचवायला तुम्ही प्रोग्रॅम बदललात असंच म्हणतील. तुमच्याच भल्याचं सांगतो, गप्प बसा."

मला कुणी सांगितलं असतं की त्या क्षणी मी टेबल उलटं केलं, तर मी खरं मानलं असतं. मी केलं नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे हे मी सहीनिशी लिहून देते. तुम्ही वर पाठवा." लिहून दिलंही. दोन पानं, हाताचं गणित जोडून. ते वर गेलं की त्यांच्या खणात राहिलं, मला आजतागायत ठाऊक नाही. डबा परत आला नाही. पुढे कळलं, तो तालुक्याच्या कचेरीत पागोळीखाली ठेवलाय.

चतुर्थीला मी घरी गेले ते मनाशी ठरवूनच. मुंबईचे सगळे चाकरमानी गावात आलेले असतात, आरतीला आमच्या घरी सगळी वाडी जमते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मी उभी राहिले. बाबांनी डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणून. आते खांबाला टेकून बसली होती, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "मे महिन्यात मी आतेला खोटारडी म्हटलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. तिचे आकडे खरे होते. मशीनला मी चुकीचं शिकवलं होतं, म्हणून मशीन चुकलं. चूक माझी. डबा गेला तो माझ्यामुळे गेला."

माझी अपेक्षा काय होती कोण जाणे. कुणी तरी आतेकडे वळून काही बोलेल, असं वाटलं असावं. मग मुंबईच्या गिरणीत असलेला आमचा एक शेजारी समजूत घातल्यासारखा म्हणाला, "बाय, तुझी आते ती. तू तिका सांभाळून घेतलंस, बरा केलंस. पण मशीन खंय चुकता?"

"चुकतं! मी सांगतेय ना, मीच लिहिलं होतं ते!"

"होय होय," तो म्हणाला आणि बाकीचे हसले. वाईट हेतूने नाही. मला ते जास्त लागलं. शिकलेल्या पोरीने म्हाताऱ्या आतेची लाज राखली, केवढं मन, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मे महिन्यात मी यंत्राच्या नावाने तिला खोटारडी म्हटलं तेव्हा माझ्यावर त्यांचा एका क्षणात विश्वास बसला होता. आता मी यंत्र कसं चुकलं ते सांगत होते, तर एकाचाही बसेना. मी पुन्हा समजवायला गेले, कोरं घर, शून्य, भागाकार. माझा आवाज फाटला. बाबा म्हणाले, "पुरे झाला आता."

तेव्हा आते उठली. माझ्या हाताला धरून तिने मला मागीलदारी नेलं. पाऊस पडत होता. तिने माझा हात सोडला नाही.

"कित्याक बोंबलतंस? ते ऐकूचे नाय," ती म्हणाली.

"मग तू कशाला सांगायला लावलंस मला?"

"त्येंच्यासाठी नाय लावक. तू सांगतंस काय, ता माका बघूचा होता."

ती पुढची नऊ वर्षं जगली. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली, पानात मासळीचा मोठा तुकडा मलाच वाढला. बाबांशी मात्र ती त्या मे महिन्यानंतर एक शब्द बोलली नाही. त्यांच्या आजारपणात पेज करून पाठवायची, पण दुसऱ्याच्या हातून. मी एकदा मध्ये पडायला गेले तर म्हणाली, "तू चुकलंस, पण तू वही उघडून बघितलंस. तेणी बघूकच नाय." आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.